आईचा फोटो आणि तीन लेन्स

आमच्या हॉलच्या भिंतीवर माझे वडील कोट-टाय घालून बसलेत. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते फिटर होते, घरी आले की लुंगी आणि बनियन, आणि लग्नाकार्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ते गेले तेव्हा दहाव्याच्या आत फोटो हवा होता. घरभर शोधून एकच धड फोटो सापडला, तोही चुलतभावाच्या हळदीतला. त्यात वडील बनियनवर नाचत होते, गालांना हळद, एक हात वर, तोंडभर हसू. स्टुडिओवाल्याने हळद पुसली, हात कापला, अंगात निळा कोट चढवला आणि चेहऱ्याला गोऱ्या रंगाचे दोन हात मारले. हसू मात्र त्याला काढता आलं नाही. त्यामुळे वडील आता कोटात बसून हळदीतला बेंजो ऐकल्यासारखे हसतात.

आई त्या फोटोला रोज उदबत्ती लावते आणि रोज कुरकुरते. हा कोण साहेब टांगलाय घरात, असं ती पाहुण्यांसमोरही म्हणते. वर्षश्राद्धाचे पाहुणे गेल्यावर तिनं मला समोर बसवलं.

"मी हाय तवरच माजा फोटो काडून ठेव," ती म्हणाली. "मना भितीवर माजंच तोंड पायजे."

तिला काही झालेलं नव्हतं. थोडी साखर, गुडघे, बाकी ठणठणीत. पण आईला कुठलंच काम शेवटच्या दिवसावर टाकलेलं आवडत नाही. शिरवणे गावात आमच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं त्याच्या लाइट बिलाची आठवण करून दिलेली आहे.

मी खिशातून मोबाईल काढला आणि जागच्या जागी फोटो काढला. मोबाईलने स्वतःच्या अकलेनं आईच्या सगळ्या सुरकुत्यांना इस्त्री केली, ओठांना रंग लावला आणि डोळे मोठे केले. आईने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ही माझी कुठली बहीण? बायकोने निकाल दिला की स्टुडिओवाला परवडला, तो निदान पैसे घेऊन खोटं करतो. तेव्हा खरा कॅमेरा घ्यायचं ठरलं.

इथून पुढे माझं जे झालं ते मी कुणाला सांगत नाही. मी अभ्यास करायला लागलो. अभ्यास म्हणजे व्हिडिओ. एक टोपीवाला सांगायचा की नवशिक्यांनी हाच डीएसएलआर घ्यावा. दुसरा टोपीवाला सांगायचा की हा घेतलात तर सहा महिन्यांत रडाल. तिसरा म्हणायचा, डीएसएलआर मेला, आता आरसा नसलेले कॅमेरे आले, जुन्याच्या तेराव्याला कशाला जाताय. खाली कमेंटमध्ये दोन कंपन्यांचे भक्त एकमेकांच्या घराण्यांचा उद्धार करायचे. त्यापुढे आमच्या गावकीतली भांडणं म्हणजे सत्यनारायणाची पूजा. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, त्याला रंग दिले, रंगांचे अर्थ विसरलो, पुन्हा केला. बायको म्हणाली की मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा पंधरा मिनिटांत होकार दिला होता, आणि तोही पोहे खाताखाता. आई मध्येच विचारायची, आला का कॅमेरा. मी म्हणायचो, अजून सेन्सरचं बघतोय.

शेवटी वाशीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा आणि सरळ होता. काय काढायचंय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आईचा फोटो. मग तो म्हणाला, कॅमेऱ्याची साधी बॉडी घ्या आणि ही पन्नास एमएमची लेन्स घ्या, हिला झूम नाही, पण चेहरा आहे तसा येतो. त्यानं मला गरीब समजलं, असं मला वाटलं. झूम नसलेली लेन्स हा काय प्रकार? मी दोन लेन्सवाला खोका उचलला, एक छोटी आणि एक लांबलचक, आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

छोट्या लेन्सने सुरुवात केली. आमचा हॉल म्हणजे सोफा, टीव्ही आणि मध्ये उभं राहायला एक माणूस. ती लेन्स जेवढी रुंद होते तेवढी केली आणि आईच्या तोंडाजवळ गेलो. फोटोत आधी नाक आलं आणि त्याच्या मागून आई आली. आईने स्क्रीन पाहून नाक चाचपलं आणि भाजी निवडायला गेली.

लांब लेन्सला लांब जागा लागते आणि गावठाणात तीच नाही. आमच्या बिल्डिंगी एवढ्या खेटून आहेत की शेजारच्यांची फोडणी आम्हाला फुकट मिळते. हॉलमधून काढायला गेलो तर फक्त कपाळ येत होतं. म्हणून आईला टेरेसवर पाण्याच्या टाकीपाशी बसवलं आणि मी दुसऱ्या टोकाला जाऊन ओरडायला लागलो, हनुवटी वर, हनुवटी खाली. भाडेकरू बघायला जमले. आई तिथूनच म्हणाली, "येवऱ्या लांबून कशाला वरडतंस? आपलं भांडन झालंय का?" आणि उठून गेली.

मग मी थेट पाखरांकडे वळलो. लेन्स आहेच तर वापरू, असं म्हणून अख्खा हिवाळा फ्लेमिंगोंच्या मागे खाडीकाठी चिखलात घालवला. तिथे चट्टेरीपट्टेरी जाकिटं घातलेले बँकेतले आणि इन्शुरन्समधले काका होते, पक्ष्यांना दिसू नयेत म्हणून लपलेले आणि मोठ्याने शेअर बाजारावर बोलणारे. माझ्याकडे गुलाबी ठिपक्यांचे शेकडो फोटो जमले. आईने एकदा ते सगळे पाहिले आणि विचारलं की हार मला घालणार की या पाखरांना. मी म्हटलं, हात बसतोय अजून.

खरं म्हणजे एक फोटो मधल्या काळात जमला होता. आई टेरेसवर वाळत घातलेला जवळा, ती बारीक कोलंबी, निवडत होती, मी लांबून, तिला न सांगता काढला. ऊन तिरपं, चेहरा शांत, हात कामात. खाडीवरच्या काकांपैकी एकाने तर स्पर्धेला पाठवा म्हणून सांगितलं. मी तो मोठा करून आईसमोर ठेवला. आईने तो चष्मा लावून पाहिला.

"झ्याक हाय," ती म्हणाली. "पन याच्यान मी जवल्याकडं बगतंय. भितीवरून मना तुमच्याकडं बगायचाय."

दुसऱ्या दिवशी वाशीला गेलो आणि पन्नासची लेन्स घेतली. म्हाताऱ्या दुकानदाराने मला ओळखलं, पण मोठ्या मनाने तसं दाखवलं नाही.

त्या लेन्सला खरंच झूम नाही. माणूस जवळ हवा तर आपण जवळ जायचं. रविवारी सकाळी खिडकीपाशी खुर्ची ठेवली. आई रोजचंच पातळ नेसून बसली. चष्मा ठेवू की काढू, तिनं विचारलं, आणि स्वतःच ठरवलं की ठेवते, वरून तुम्ही नीट दिसायला पाहिजे. मी दोन पावलांवर उभा राहिलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला. आईनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

हा फोटो चांगला आला की आईची तयारी पुरी होणार होती. मग तिला कशासाठीही थांबायचं कारण उरणार नव्हतं. दीड वर्ष मी टोपीवाल्यांच्या, तक्त्यांच्या आणि पाखरांच्या आड लपून बसलो होतो, हे त्या चौकोनातून बघताना मला कळलं, आणि मला भयंकर भीती वाटली. तरी बटण दाबलं.

फोटो अगदी हवा तसा आला. एक भुवई किंचित वर, ओठ आता काहीतरी सुनावणार अशा बेतात, आणि सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी. कुठल्याही कोनातून बघितलं तरी ती माझ्याकडेच बघत होती. आईनं कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. मी स्क्रीन बंद केली.

"हलला," मी म्हणालो. "परत काढावा लागेल."

"मी तर हाल्ली नाय."

मी लेन्सचं झाकण शोधत राहिलो. ते माझ्या हातातच होतं. आईनं त्या झाकणाकडे पाहिलं, पुढे केलेला हात मागे घेतला आणि खुर्चीचा आधार घेऊन उठली.

"बरा," ती म्हणाली. "पुडच्या म्हैन्यान काड. तवा बी मी हालन."