मित्सुएला उतरायला जागा मिळाली नाही

मित्सुए माझी नणंद. आमच्या डोंगराळ खोऱ्यातली विमान चालवणारी पहिली बाई. गावाला तिचा इतका अभिमान, की त्या अभिमानाखाली तिच्या आईची शेवटची इच्छा चिरडली गेली. हे मी चिडून सांगतेय आणि चिडूनच सांगणार.

रेशमाचे किडे पाळणारं आमचं घर. मित्सुए विमानशाळेत निघाली तेव्हा सासूबाई दारात म्हणाल्या, "गेलीस तर पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस." पोरगी आईचीच होती, खरंच फिरकली नाही. तिकडे इंजिनं पुसली, मास्तरांच्या घरची धुणी धुतली आणि परवाना मिळवला. तोही दुसऱ्या दर्जाचा. पहिल्या दर्जाचा बायकांना देतच नसत.

तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. "रागात बोलले गं मी," हेच त्यांचं पालुपद. मी म्हणायची, "कळवते की मी तिला." तर डाफरायच्या, "माझी चूक तू कबूल करणार होय? मला तिच्या तोंडावर सांगायचंय."

नवा वैमानिक एकदा तरी आपल्या गावावरून विमान नेऊन गावाला मान देई, अशी तेव्हा रीत होती. मित्सुएने कळवलं, मी येतेय, नदीच्या कोरड्या पात्रात उतरेन, आईला भेटेन. पात्रात मात्र कोणी थांबू नका. आमच्याकडे दुसरी सपाट जागाच नाही.

गावप्रमुख ओकुमुरा ते ऐकून हसले. "पोरगी संकोचतेय. माझ्या स्वागताला या, असं कोण स्वतःहून म्हणेल? तिने नको म्हटलं म्हणून आपण काठावर उभं राहायचं? शोभतं का ते?" झालं. अख्खं गाव ठेवणीतले किमोनो घालून पात्राच्या मधोमध रांगेत उभं राहिलं. सासूबाईंना आम्ही दाराच्या फळीवर निजवून नेलं. सकाळपासून त्यांनी माझ्याकडून दोनदा केस विंचरून घेतले होते.

विमान आलं. खाली, आणखी खाली. मित्सुए हात बाहेर काढून बाजूला व्हा, बाजूला व्हा, असं खुणावत होती. ओकुमुरा ओरडले, "नमस्कार!" सगळं गाव कमरेत वाकलं. मान खाली, मग हात दिसणार कुणाला? विमान वर गेलं, वळसा घालून परत आलं. गाव आणखी खाली वाकलं.

मी धावत ओकुमुरांकडे गेले. "अहो, ती बाजूला व्हा म्हणतेय! माणसं हलवा आधी!"

वाकल्या वाकल्याच ते दबक्या आवाजात म्हणाले, "आधी वाका तुम्ही. पाहुणीसमोर ताठ काय उभ्या राहता? आणि वहिनी म्हणवता तिची."

विमान तिसऱ्यांदा आलं, रांगेवर जरासं रेंगाळलं आणि डोंगरापलीकडे निघून गेलं. त्यात पेट्रोल असतंच किती? लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. मला एकेकाला धरून हलवावंसं वाटलं.

"गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला उतरायला जागा मिळाली नाही, आई. लोक मध्ये उभे होते."

"आईला भेटायला जागा लागते होय?" त्यांनी तोंड फिरवलं. "राग गेला नाही तिचा."

मी समजावलं, माझ्या नवऱ्याने समजावलं. त्यांनी फिरवलेलं तोंड पुन्हा आमच्याकडे वळवलं नाही. मित्सुए आगगाडीने येऊन पोहोचली तेव्हा घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे सासूबाईंच्या अस्थींचं मडकं होतं. स्टेशनावर ओकुमुरा तिला म्हणाले होते, "एकदा नाही, तीन-तीनदा मान दिलात गावाला!" तिने मान लववली होती.

देव्हाऱ्यापुढे बसून तिने हात जोडले. मग म्हणाली, "वहिनी, मी का उतरले नाही ते आईला सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांना पटलं नाही."