जिवंतांचा कागद

"मावशी, स्टामातिस माझ्याआधी उतरला, आणि किनारा जवळच होता."

कप्तान आर्गिरिस मारूसोच्या दारात उभा राहून हे बोलला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या भुवया जळालेल्या होत्या. मारूसोनं त्याला आत घेतलं, भुवयांना तेल लावलं, आणि आपल्या मुलाची, स्टामातिसची, वाट पाहायला लागली.

ग्रीसमधल्या इद्रा बेटावरची सगळीच पोरं जातात तसा आर्गिरिसही अकराव्या वर्षी जहाजावर गेला होता. वीसेक वर्षं गहू वाहिला. मग तुर्की सुलतानाविरुद्ध युद्ध उठलं आणि गव्हाच्या जहाजांवर तोफा चढल्या. त्याच्या वाट्याला आलं अग्निजहाज: डांबर, गंधक आणि बंदुकीची दारू ठासलेलं जुनं लाकूड. ते तुर्की जहाजाला आकड्यांनी अडकवायचं, पेटवायचं, आणि मागे बांधलेल्या होडीतून पळायचं. कप्तान सगळ्यांत शेवटी उतरणार, हा नियम.

त्या दिवशी स्टामातिस नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, आकडा बसवत होता. आकडा निसटत होता. वरून गोळ्या येत होत्या, होडीत सव्वीस माणसं खोळंबली होती. आर्गिरिसनं दोनदा हाक मारली. पोरानं मान वळवली नाही, फक्त हात वर केला: थांबा जरा.

आर्गिरिसनं वात पेटवली.

देश स्वतंत्र झाला. राजा आला, कारकून आले, आणि आर्गिरिसला नौदलाचा तिसऱ्या वर्गाचा अधिकारी केल्याचं पत्र आलं.

"तिसऱ्या वर्गाचा?" मारूसो म्हणाली होती. "मग पहिल्या दोन वर्गांनी काय जाळलं रे?"

"कागद, मावशी."

ती डोळे पुसेपर्यंत हसली होती.

त्यानं लग्न केलं नाही. लोकांच्या होड्या दुरुस्त करायचा, मारूसोच्या टाक्यातून पाणी शेंदून द्यायचा, आणि वर्षातून एकदा तिच्यासाठी दोन कागद लिहायचा. मृतांच्या शनिवारी प्रत्येक घरातून पापाकडे, म्हणजे गावच्या पाद्र्याकडे, दोन कागद जात. एक जिवंतांच्या नावांचा, दुसरा मृतांचा, वर क्रूस काढलेला. पापा नावं वाचत, आणि मृतांच्या नावानं डाळिंबाचे दाणे घातलेला उकडलेला गहू वाटला जाई. मारूसोला लिहिता येत नव्हतं. जिवंतांच्या कागदावर पहिलं नाव स्टामातिसचं असे, आर्गिरिसच्या अक्षरात. सतरा वर्षं.

"तुझा लेक कुठल्या पाशाचा जावई झालाय म्हणे?" शेजारीण फोटिनी भिंतीवरून विचारी.

"तुझ्या जावयापेक्षा बऱ्याच घरी पडला असेल," मारूसो म्हणे.

या खेपेला मात्र तिला उठवत नव्हतं. पाय सुजले होते. तिनं दोन्ही कागद टेबलावर मांडायला लावले आणि आर्गिरिसनं जिवंतांचा कागद सवयीनं पुढे ओढला.

"थांब," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी नसणार."

"काहीतरीच काय, मावशी."

"मध्ये बोलू नकोस. मी गेल्यावर त्याचं नाव कोण देणार? तो जिवंत असेल आणि मी त्याला क्रूसाखाली घातला, तर त्याचं आयुष्य मीच तोडलं असं होईल. आणि तो गेला असेल, तर माझं पोर सतरा वर्षं उपाशी आहे. एक दाणा नाही मिळाला त्याला. आईच्या घरचा."

आर्गिरिसनं लेखणी खाली ठेवली.

"मावशी, त्या दिवशी..."

"मी विचारलं का काय झालं ते? नाही ना?" तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला, कातडी भाजून गुळगुळीत झाली होती तिथंच. "तू जळक्या भुवया घेऊन त्या दारात आलास. तेव्हाही नाही विचारलं. मला फक्त कुठला कागद ते सांग. बोलू नकोस, लिही."

त्यानं जिवंतांचा कागद बाजूला सारला. क्रूसाच्या कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आईबापाचं होतं. त्यांच्याखाली त्यानं एकेक अक्षर सुटं, ठसठशीत काढलं.

"मोठं लिही. पापाला आता कमी दिसतं."

त्यानं शेवटचं अक्षर पुन्हा गिरवलं.

मारूसोनं कागद जवळ घेतला, शाई वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घातली. मग डोळे न उचलता म्हणाली, "फोटिनीकडून डाळिंबं आण. तीन. शनिवारी माझ्यासोबत सोलायला बसायचंयस तू. या वर्षी गहू जास्त लागेल."

आर्गिरिसनं लेखणी पुसून ठेवली, टोपी उचलली आणि डाळिंबं आणायला बाहेर पडला.