जांभळी सावली

गेल्या रविवारी दुपारी शहरात, पुंडलिकनगरच्या आमच्या घराच्या गॅलरीत रंगात मिसळायच्या लिनसीड तेलाचा वास भरून राहिला होता... आणि मी एका सावलीशी भांडत बसले होते.

सहा महिन्यांपासून ऑइल पेंटिंग शिकतेय. या वेळी क्लासच्या मॅडमनी पोस्ट-इम्प्रेशनिस्ट काळातल्या, म्हणजे सव्वाशेएक वर्षांपूर्वीच्या, एका फ्रेंच चित्राची कॉपी करायला सांगितली. भर दुपार, झाडाखाली आडवा झालेला मेंढपाळ, शेजारी बसलेली त्याची बायको, मागं पिवळंधमक माळरान... बघता बघता डोळ्यांवर झापड यावी असं.

अडचण एकच. झाडाची सावली चक्क जांभळी! माझा हात काही धजेना. गुपचूप राखाडी रंग लावला, तर सगळं चित्रच विझल्यासारखं झालं.

आबा, म्हणजे माझे वडील, मागं खुर्चीत बसले होते. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच मागं लागून मेंढरं विकायला लावली आणि त्यांना इकडं आणलं. तेव्हापासून बोलणं म्हणजे नुसतं व्हय आणि नाय... माझं काही चुकलं का, हे विचारायची मला हिंमत होत नव्हती.

त्या दुपारी मात्र ते आपणहून उठले. मूळ चित्राचा प्रिंट हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"ह्यातली सावली बरोबर हाय, माय. तुझी नाय," म्हणाले. "चैताच्या उन्हात लिंबाखाली पडून अर्ध्या डोळ्यानं माळाकडं बघितलं, तर सावली जांभळीच दिसती."

"खरंच, आबा?"

"लई वर्षं तेच बघत पडलो की."

मग म्हणाले, "अन् ह्याचा हात बघ, काठीवर हाय. तू काढलेला हात नुसता पडलाय." कसा ते सांगता येईना, तसे गुडघे सांभाळत हळूहळू फरशीवर आडवेच झाले. एक हात डोक्याखाली, दुसरा स्वतःच्या चालायच्या काठीवर.

मी राखाडी रंग खरवडून काढला आणि जांभळा लावायला घेतला. ऊन गॅलरीतून सरकत होतं... आबा डोळे मिटून, झोपेत बोलावं तसे बोलत होते.

"मेंढरं नेली त्या दिवशी बी असाच पडलो होतो. टेम्पोत भरायला लागले, तसे डोळे मिटून घेतले. आवाज लांब गेल्यावर उठलो."

माझा ब्रश थांबला. "आबा, मी चुकले का?"

त्यांचे डोळे मिटलेलेच. मला वाटलं, झोप लागली.

"नाय माय. मी बी थकलो होतो. पण त्यांची याद लई येती... कुणाला सांगावं, कळत नाय."

एवढं बोलून ते खरंच झोपले. मी तशीच त्यांच्याजवळ फरशीवर बसून राहिले. हाताला जांभळा रंग, डोळ्यांत पाणी...

चित्र बघून मॅडम म्हणाल्या, "सावली सुरेख जमलीय. पण हा माणूस मूळ चित्रातल्यापेक्षा म्हातारा झालाय." मी नुसती हसले.

आता रोज चहा झाला की मी आबांजवळ बसते. काल त्यांनी कळपातल्या मेंढ्यांची नावं सांगितली, एकेकीच्या खुणेसकट. सगळी काही माझ्या लक्षात राहिली नाहीत... आज पुन्हा विचारणार आहे.