छावणीच्या फरशीवरच्या मिरच्या

शिवडीच्या वाटेवर दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या वेळची छावणी होती. शिपायांना तिथे शिकवून पुढे धाडायचे. लढाई संपली, पलटण गेली, आणि आमच्या काळाचौकीच्या लोकांनी दारं, पत्रे, फळ्या, हाताला लागेल ते उचललं. निम्म्या चाळीचे पोटमाळे त्या छावणीचे! उरली एक लांबरुंद सिमेंटची फरशी. तिच्यावर काय चालायचं, हे मात्र विचारू नका. प्रत्येक पुरुषाकडे वेगळा इतिहास, आणि डोळ्यांनी बघितलेलं कोणीच नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. उन्हाळ्यात आईला वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळवायच्या, तर चाळीच्या गच्चीभर मोर्चाचे ओल्या रंगाचे फलक! आमची चळवळीला ना नव्हती हो, आईसुद्धा मोर्चात जायची. पण मिरच्यांनी कुठे जायचं?

बाबा म्हणाले, "छावणीत घाल गो. परेडची फरशी ती, एकदम स्वच्छ."

"तुमका कोणी सांगल्यान परेडची म्हणून?"

"सांगूक कित्याक होया? माका म्हायत आसा."

बाबांना माहीत असलं की बोलणंच खुंटलं. रोज आम्ही मायलेकी पाट्या घेऊन जायचो, जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरायचो आणि रणरणत्या उन्हात कावळे हाकत बसायचो. लुगड्याला खालून काळे डाग पडले, ते आम्ही धूळ म्हणून झटकले. आता काय बोलणार!

डंकावरून मसाला कुटून आला. पहिलंच बांगड्याचं कालवण, आणि वास मोटारीच्या गॅरेजचा! आईने टोप तसाच झाकला आणि भर दुपारी मला घेऊन छावणीत गेली. तापलेली फरशी पायाने घासली, तर टाच काळी, चिकट. तेल! लढाईतल्या ट्रकांचं तेल मुरलं होतं तिच्यात, आणि ऊन लागलं की वर यायचं.

संध्याकाळी बाबा पाटावर बसले. आईने ताट वाढलं आणि टाच पुढे केली.

"ही बघा तुमची परेड."

बाबांनी टाच बघितली, कालवण हुंगलं, थोडा विचार केला.

"परेडीक ट्रकपण आणीत असतले," म्हणाले.

आई मसाल्याची बरणी उचलून मोरीपर्यंत गेली. पण ओतायची तर वर्षभर खायचं काय? बरणी परत फळीवर ठेवली आणि बाबांच्या ताटात आणखी दोन पळ्या वाढल्या.