सिंहासनावरचा कवडसा

बीजिंगच्या सहलीला अण्णांना न्यायची माझी इच्छा नव्हती. सहल आमच्या शाळेतल्या शिक्षकांची होती, आणि माझ्या शेजारची जागा माझ्या नवऱ्याची होती. दोन महिने आधी त्याच्या कंपनीनं रजा नाकारली. जागा फुकट जाणार म्हणून घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा माझे वडील आत गेले आणि ट्रंकेतून पासपोर्ट घेऊन आले. तो कायम तयार असायचा. आयुष्यभर परदेशी पाहुणे त्यांना "आमच्या देशात या" म्हणत गेले, आणि या भोळ्या माणसानं ते दर वेळी खरं मानलं.

आता ते पाहुणे कुठले, ते सांगते. पिशोर गावातली शेती भावाच्या हवाली करून अण्णा तरुणपणी अजिंठ्याच्या लेण्यांवर कामाला लागले होते. काम म्हणजे चकचकीत पत्रा हातात घेऊन लेण्याच्या दारात उन्हात उभं राहायचं आणि आतल्या अंधारात ऊन फेकायचं. आत दुसरा माणूस पांढऱ्या पुठ्ठ्यावर ते झेलून चित्रावर वळवायचा. गाईड बोलायचा, पाहुणे चित्र बघायचे, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाकडं, जाताजाता आमंत्रण फेकण्यापलीकडं, कुणी बघायचं नाही. पुढं आत विजेचे दिवे आले आणि अण्णा घरी आले.

मी मात्र सगळ्यांना सांगत आले की वडील पुरातत्त्व खात्यात होते. लग्न ठरताना पहिल्यांदा सांगितलं, नोकरीच्या मुलाखतीत दुसऱ्यांदा, मग जीभ सरावली. शाळेच्या संस्थेच्या सचिव मॅडमना तर मी अण्णांनी लेण्यांच्या जतनाचं काम केलंय, इथपर्यंत ऐकवलं होतं. त्या मॅडम सहलीला होत्या. मी पर्यवेक्षिका होते, मुख्याध्यापिकेची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे त्याच ठरवणार होत्या. झाकली मूठ आणखी आठ दिवस झाकलेली राहायला हवी होती, एवढंच.

"कुणी विचारलं तर खात्यात होतो म्हणायचं. जास्त बोलायचं नाही," मी विमानात त्यांना बजावलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मी कशाला बोलू? बघायलाच तर आलोय."

तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या बादशाही राजवाड्यात गेलो. प्रवेशद्वाराशी झडतीत अण्णांच्या खिशातून दाढीचा आरसा निघाला. तो कायम त्यांच्या खिशातच असायचा. पहाऱ्यावरच्या मुलीनं तो उलटसुलट करून परत दिला. मला तेव्हाच तो काढून घ्यायला हवा होता.

आत दरवाजामागं दरवाजा, चौकामागं चौक. उंबरे गुडघ्याएवढे उंच. अण्णा प्रत्येक उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत आणि मगच पाय पलीकडं टाकत. मॅडमना ते फार आवडलं. "बघा, याला म्हणतात संस्कार," असं त्या बाकीच्यांना म्हणाल्या आणि मी लगेच अण्णांच्या बाजूला जाऊन चालू लागले. तोवर मी त्यांच्यापासून दहा पावलं लांब होते.

मुख्य दालनापाशी तुडुंब गर्दी होती. आत कुणालाच सोडत नाहीत. दाराशी कठडा, कठड्याला माणसं चिकटलेली, आणि आत अंधार. बादशहाचं सिंहासन त्या अंधारात कुठंतरी होतं. आमची चिनी गाईड, एक चुणचुणीत मुलगी, इंग्रजीतून सोनेरी ड्रॅगनांबद्दल सांगत होती. मॅडम उंचीनं कमी. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं, चष्मा पुसला, आणि वैतागून म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन अंधारच बघायचा का?"

अण्णांनी हे वाक्य उभ्या जन्मात किती भाषांत ऐकलं असेल, देव जाणे. मी मागं वळले तेव्हा ते पायऱ्यांकडं सरकून उन्हात उभे होते. खिशातला आरसा हातात होता.

कवडसा आधी आतल्या फरशीवर पडला, मग सिंहासनाच्या पायऱ्यांवर, मग त्याच्या पायांवर. अण्णांनी घाई केली नाही. एकदम चित्रातल्या मुखावर ऊन टाकायचं नाही, बघणाऱ्याचे डोळे दिपतात, हा त्यांच्या कामातला नियम होता. पायांवरून हातांवर, हातांवरून पाठीवर. एकेक ड्रॅगन अंधारातून सोन्याचा होऊन बाहेर आला आणि परत आत गेला. लोकांनी फोन वर धरले. लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून हे रोज पाहिलं होतं, पण तेव्हा माझी नजर पत्र्यावर असायची. पत्र्यातलं ऊन कुठं जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला अभिमान वाटला. हेही सांगितलं पाहिजे, कारण पुढं मी जे केलं ते अभिमान वाटत असताना केलं.

पहारेकरी धावत आला आणि त्यानं अण्णांचं मनगट धरलं. गाईड मुलगी घाबरून मधे पडली. मॅडम मात्र खूश होत्या.

"काका, काय सुंदर दाखवलंत. हे कुठं शिकलात तुम्ही?"

अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "बाई, आम्ही लेण्यात..." त्यांनी सुरुवात केली.

"मॅडम, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय," मी म्हणाले. "हल्ली असं काहीतरी करतात. मी कुणाला बोलले नव्हते."

मग पहारेकऱ्याला सांगण्यासाठी तेच मी गाईडला इंग्रजीतून सांगितलं. अण्णांना वाचता येत नसलं तरी इंग्रजी ऐकून कळतं, हे मला माहीत होतं. पहारेकऱ्यानं त्यांचं मनगट लगेच सोडलं, खांद्यावर हलकेच थोपटलं, आणि आरसा माझ्या हातात दिला.

"आधी सांगायचं नाही का गं?" मॅडम कळवळून म्हणाल्या.

त्यानंतर सहलीतल्या सगळ्यांनी त्यांना वाटून घेतलं. कुणी हात धरून उंबरा ओलांडून देई, कुणी बाटलीचं झाकण उघडून देई, विज्ञानाचे सर मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलत. अण्णांनी कुणालाही अडवलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत मी त्यांच्यावरच तोंड टाकलं. तुम्हाला बजावलं होतं, तुमच्यामुळं मला खोटं बोलावं लागलं, असलं सगळं बोलले.

"ऊन लई चांगलं होतं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

उन्हाळ्यात मी मुख्याध्यापिका झाले. मॅडम अभिनंदनाला क्रांती चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटवर आल्या. बुंदीचे लाडू आणले होते. अण्णा खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढलेली होती. आरसा माझ्या कपाटात होता, त्यांनी मागितला नव्हता आणि मी दिला नव्हता.

मॅडम त्यांच्यापुढं वाकल्या. "काका, ओळखलंत का मला? तुम्ही काय काम करत होता, आठवतंय का?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ते काय बोलतील या भीतीनं मी लाडवांचा डबा उगाच पुढं सरकवला. त्यांनी मला पुरेसं ताटकळत ठेवलं.

"नाय बाई," ते म्हणाले. "मला काय बी आठवत नाय. हिला इचारा, मी कोण व्हतो ते हिलाच ठावं."

मॅडमचे डोळे भरले. "फार करतेस गं तू वडिलांचं," त्या मला म्हणाल्या.

"करावंच लागतं," मी म्हणाले. मॅडम बघत होत्या, म्हणून मी लाडू मोडला आणि एक घास अण्णांच्या तोंडापुढं धरला. माझ्या डोळ्यांत बघत अण्णांनी तोंड उघडलं.