परबची सुरमई फ्रेममध्ये बसेना

रिपोर्टरला किस्से शोधावे लागत नाहीत. जन्मभर उपनगरांच्या बातम्या केल्या. बातम्या रद्दीत गेल्या, किस्से मात्र लाकडाच्या भुशासारखे चपलेला चिकटून घरी आले. आता तर झटकायचाही कंटाळा येतो. हे सगळे एकाच दुकानातले, ऐंशीच्या दशकातले.

मुलुंडला जयंतीभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. देव, पुढारी आणि वारलेली माणसं, तिघांनाही ते एकाच मापात बसवत. ऑफिसला जायच्या आधी मी तिथे चहाला टेकायचो. तिथेच वसंत परब भेटला. संपात गिरणी गेली, तसा हा सागाच्या फळ्यांवर उठावाचं कोरीवकाम करायला लागला. हात झकास! पण चाळीत ओळख एकच: "संपातला परब, घरीच असतो." त्याला एकदा, फक्त एकदा, आपल्या नावामागे 'शिल्पकार' छापलेलं बघायचं होतं.

*

परबने पहिली फळी आणली ती हिरूबाईची. हिरूबाई म्हणजे बाजारातली कोळीण. डोक्यावर पाटी, पाटीत सुरमई, आणि सुरमईची शेपटी फळीच्या कडेबाहेर चांगली चार बोटं आलेली. वाटायचं, आता फडफडेल.

जयंतीभाईंनी टेप लावली. "परबभाई, फ्रेम स्टँडर्ड साइजमध्ये बसेल. फक्त ही शेपटी कापावी लागेल. बाहेर आली आहे ना!"

परबने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "शेटानू, तुमचां नाकसुद्धा भायर इलां. कापूया?"

फ्रेमचा विषय त्या दिवशी तिथेच संपला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

*

आमच्या संपादकांनी ऑफिसात लावायला परबकडून कोरलेला गणपती घेतला. "धूळ बसते हो," म्हणून जयंतीभाईंकडून त्याला फ्रेम घालून घेतली. सोंड इतकी पुढे आलेली की काच टेकेना. मग पेटीसारखी खोल फ्रेम झाली. महिन्याभरात पेटीत पाल शिरली, आणि गणपतीच्या मागे तिने अंडी घातली.

पत्रकारांच्या कोट्यातल्या फ्लॅटसाठी आम्ही अर्ज करून करून थकलो होतो. शिपायाने पेटीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचा नंबर कधी लागेल माहीत नाही. हिचा लागला!"

*

जयंतीभाई मनाने वाईट नव्हते. परबने बायकोचा चेहरा कोरला, तेव्हा त्यांनी न सांगता त्याला काचेची फ्रेम केली आणि दुकानात दर्शनी लावली. वर दुकानाच्या रिवाजाप्रमाणे चंदनाचा हारही चढवला. फ्रेममधल्या चेहऱ्याला हार, हे त्यांच्या हाताला पाठ!

संध्याकाळपर्यंत चाळीतल्या दोघी परबच्या दारात रडायला हजर. दार वहिनींनीच उघडलं.

वहिनी तशाच पदर खोचून दुकानात आल्या. "हार काढा आधी! मी मेलंय, तर सांजच्यो भाकऱ्यो कोण थापतलो? तुम्ही?"

*

मी परबवर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. डेस्कने खालून अर्धं उडवलं. हिरूबाईच्या फळीचा फोटोही कॉलमात बसेना, म्हणून तो सुरमईच्या कल्ल्यापाशी छाटला. भांडलो. उत्तर आलं, "जागा नव्हती." 'शिल्पकार' हा शब्द उडवलेल्या अर्ध्यात गेला.

परबने पेपर शांतपणे वाचला, घडी घातली. "तुमच्या पेपरातसुद्धा जयंतीभाई आसा?"

*

मग तिथल्या एका कलामंडळाचं प्रदर्शन निघालं. निवडलेल्या प्रत्येक कलाकृतीखाली छापील कार्ड: नाव आणि नावामागे 'चित्रकार' किंवा 'शिल्पकार'. परबची हिरूबाईची फळी निवडली गेली. अट एक, मंडळाने ठरवलेल्या मापाची फ्रेम हवी.

मी सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, "उठावाच्या कामाला फ्रेमची सक्ती कशाला? हा काय कॅलेंडरचा कागद आहे?"

"नियम आहे."

"कुणी केला?"

"मागच्या कमिटीने."

"त्या कमिटीचे सेक्रेटरी कोण होते?"

"मीच. पण आता माझा नाइलाज आहे."

अशा माणसांशी भांडण्यात माझी उमेद गेली, यार!

मी परबला म्हटलं, "सोड रे. बोंबलत गेलं ते कार्ड." तो सरळ दुकानात आला, फळी बाकावर ठेवली आणि करवत मागितली. जयंतीभाईंनी रेडिओ बंद केला.

"परबभाई, मी मोठी फ्रेम करतो. खास."

"फ्रेमचा माप मंडळान दिला हा. त्यातच बसाक होया," परब म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने शेपटी कापली.

*

प्रदर्शनाच्या दिवशी फळी भिंतीवर, फ्रेममध्ये. खाली कार्ड: 'शिल्पकार वसंत परब'. परब इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा. ते कार्ड त्याने किती वेळा वाचलं असेल! वहिनींनी तर बोट लावून वाचलं.

बाजार उरकून हिरूबाई आली. स्वतःकडे पाहून लाजली, हसली, आणि एकदम थांबली.

"परबा, आख्खी सुरमई होती माझी. शेपटी कुनी खाल्ली रं?"

आजूबाजूचे हसले. परब हसला नाही. पुढे झाला, फळी खिळ्यावरून उतरवली, तिथेच फ्रेम उचकटली. रिकामी फ्रेम त्याने सेक्रेटरींच्या हातात दिली आणि फळी काखेत मारून तो, वहिनी आणि हिरूबाई जिना उतरून गेले. कार्ड राहिलं भिंतीवर.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. फिरत फिरत त्या खिळ्यापाशी थांबले. कार्ड वाचलं. शेजारी फ्रेम धरून उभ्या असलेल्या सेक्रेटरींकडे पाहिलं आणि हात जोडले.

"वा, परबसाहेब! अभिनंदन. कारागिरी अप्रतिम!"

सेक्रेटरींनी फ्रेम काखेत धरली आणि हात जोडून म्हणाले, "आपली कृपा."