तिचा प्रोग्रॅम बरोबर होता

चंद्रपूरला बाहेरचे परीक्षक यायला चटकन तयार होतात ते काही आमच्या कॉलेजवरच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांना ताडोबा बघायचा असतो. सकाळी पोहे, मग तोंडी परीक्षा, घाईघाईत जेवण आणि दुपारची सफारी, असा तो ठरलेला बेत. विभागातला जुना माणूस म्हणून गाडी, गेट, ओळखपत्रांच्या झेरॉक्स हे सगळं माझ्याकडे असायचं. मी ते हौसेने करायचो, हेही सांगून टाकतो.

सातेक वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची परीक्षा होती. परीक्षक बायकोमुलांसकट आले होते. गाडी बाहेर येऊन उभी होती आणि ड्रायव्हरचा मला दोनदा फोन येऊन गेला होता. यादीत शेवटचं नाव पोंभुर्ण्याच्या एका मुलीचं होतं. वडिलांचं तिथे शिवणकामाचं दुकान. हैदराबादच्या एका कंपनीत तिची निवड झालेली होती, फक्त एकही विषय मागे राहायला नको, एवढी एकच अट होती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्या निवडीचे पेढे मीही खाल्ले होते.

तिच्याकडे कोणाचातरी वापरून टाकलेला लॅपटॉप होता. त्यावर विंडोज धड चालत नसे, म्हणून तिने लिनक्स टाकलं आणि सगळं त्यावरच शिकली. तिचा प्रकल्प जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवर होता. झाडाला बांधलेला कॅमेरा पान हललं तरी फोटो काढतो. त्या ढिगातून खरोखर काही आलं-गेलं असेल तेवढेच फोटो वेगळे काढायचे. प्रोग्रॅम सी या भाषेत लिहिलेला होता. पण दोन फोटो ताडून बघणारं फंक्शन तिने हाताने असेंब्लीत लिहिलं होतं, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, कारण त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला दुसऱ्या कशाचा वेग झेपत नव्हता. त्या वर्षी हाताने असेंब्ली लिहिणारं आमच्या विभागात दुसरं कोणी नव्हतं. शिक्षक धरून.

लॅबमधल्या संगणकांवर विंडोज होतं. कंपायलरने एका शब्दाची तक्रार न करता तिचा प्रोग्रॅम तयार केला. चालवला, की खिडकी बंद. तीनदा तेच झालं.

"सर, माह्या लॅपटॉपवर बराबर चाल्ते. आज सकाळीच चालवून पाह्यलं."

"कुठे आहे लॅपटॉप?"

"घरी हाये. सोताचा आणाचा नाई अशी नोटीस होती ना."

ती नोटीस माझ्याच सहीची होती. मी म्हणालो, "प्रोसेसर दोन्हीकडे तोच. सी तीच. मग तिथे चालतं आणि इथे चालत नाही, हे कसं?"

"तेच मले समजून नाई राह्यलं, सर."

"समजत नाही, कारण तू लिहिलेलं नाहीस. नेटवरून उचललेलं आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मी परीक्षकांकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी तिला नापास केलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने फक्त वही उचलली आणि दार हळू लावून गेली.

दुपारी वाघीण दिसली. पाणवठ्यात निवांत बसली होती. परीक्षकांच्या बायकोने माझे दोन-दोनदा आभार मानले.

पाचव्या दिवशी मी तिच्या प्रकल्पाची फाइल उघडली. न्याय करायला नव्हे. पुढच्या वर्गाला 'चोरलेला कोड कसा उघडा पडतो' हे दाखवायला चांगलं उदाहरण होईल, म्हणून. आमच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात लिनक्सचा एक संगणक होता, त्यावर कोणी बसत नसे. तिथे चालवला. प्रोग्रॅम चालला. शेकडो फोटोंतून त्याने तीन वेगळे काढले. दोन फोटोंत रोही होते, म्हणजे नीलगायी, तिसऱ्यात एक गुराखी.

मग मी असेंब्लीची ती फाइल पहिल्यांदा खालपर्यंत वाचली. ओळीओळीसमोर तिने स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'हे पयलं चित्र.' 'हे दुसरं.' 'इथून मोजाले सुरू.' जगातल्या कुठल्या वेबसाइटवर पोंभुर्ण्याची बोली सापडते? परीक्षेच्या दिवशी मी माउसचं चाक दोन बोटं फिरवलं असतं तरी हे दिसलं असतं.

चूक कुठे होती ते शोधायला मला तासभर लागला. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा त्याला लागणारं सामान प्रोसेसरमधल्या ठरावीक जागांत ठेवावं लागतं. त्यांना रजिस्टर म्हणतात. पहिली वस्तू कुठे, दुसरी कुठे, हे प्रोसेसर सांगत नाही. तो ज्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा रिवाज असतो. लिनक्सचा एक, विंडोजचा वेगळा. दोन घरांत तिखट-मिठाचा डबा अगदी सारखा असावा, पण एकीकडे पहिल्या वाटीत हळद आणि दुसरीकडे तिखट, तसं. नुसतं सीमध्ये लिहिलं तर कंपायलर ज्या घरात असेल तिथल्या वाट्या ओळखून घेतो. असेंब्ली हाताने लिहिली, की ते आपल्याला बघावं लागतं. ती तिच्या घरच्या सवयीने बरोबर हात घालत होती. मी तिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि वर विचारलं, भाजी खारट कशी? त्या फंक्शनच्या पुढेमागे पाच-सात ओळी जोडल्या आणि तिचा प्रोग्रॅम लॅबमधल्या विंडोजवरही धावला.

त्याच दिवशी विद्यापीठासाठी पत्र लिहायला घेतलं. तारीख घातली, विषय लिहिला, 'गुणदुरुस्तीबाबत.' खाली लिहायचं होतं ते एका वाक्याचं काम होतं: विद्यार्थिनीचं काम बरोबर आहे, चूक परीक्षकांची आहे. बारा वर्षं हाच विषय शिकवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, असा त्याचा अर्थ होत होता. बाहेरचे परीक्षक हसतील, विभागातले सहकारी चहाला विषय करतील. मी पत्र खणात ठेवलं. उद्या पाठवू म्हणालो. मला लाज वाटत होती, पण केल्याची नव्हे, कळेल याची.

पुढच्या आठवड्यात ती आली. हैदराबादची नोकरी गेली होती. तिने ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फेरपरीक्षेसाठी काय सुधारू, एवढंच तिने विचारलं. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मी म्हणालो, "ते असेंब्लीचं काढून टाक. साधं सीमध्ये कर." म्हणजे तिच्या कामातला सगळ्यात चांगला तुकडा मी तिच्याच हाताने काढायला लावला. तिने काढला. पास झाली.

यंदा मे महिन्यात पोंभुर्ण्याला गेलो होतो. हल्ली आम्हा शिक्षकांना उन्हाळ्यात गावोगाव फिरून प्रवेशासाठी मुलं गोळा करावी लागतात. माहितीपत्रकं कमी पडली, म्हणून झेरॉक्सच्या एका दुकानात शिरलो. काउंटरमागे ती होती. ऑनलाइन फॉर्म, दाखले, निकाल, सगळं तिथेच. एक बाई आपल्या मुलीचा बारावीनंतरचा फॉर्म भरायला बसल्या होत्या. तिने खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि त्या बाईंना म्हणाली, "हे आमचे सर. लय कडक. मले बराबर ओळखलं होतं यायनं."

"सी करतेस का अजून?" मी विचारलं.

"नाई जी. तवाच सोडलं. ते माह्या डोक्याचं नव्हतं. तुमी बराबरच बोलले होते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो शोधत होतो, सापडला असता तर बरं वाटलं असतं. चहा आला तसं मी बोलून टाकलं. लिनक्सचा रिवाज, विंडोजचा रिवाज, डबा, वाट्या, सगळं. तिचा प्रोग्रॅम बरोबर होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, हेही सांगितलं. ती हातातला कागद तसाच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ते चालत होतं."

"चालत होतं."

तिने हातातला कागद प्रिंटरवर ठेवला.

"कवा समजलं सर तुमाले?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. म्हणालो, "आत्ताच. दोनेक महिने झाले."

"मंग जाऊ द्या." ती हसली. "तवा तुमाले तरी कुठून माहीत राहणार. मलेच वाटे का सरांनी काऊन असं केलं असन. मनातून आज गेलं."

माझ्या हातातलं एक माहितीपत्रक तिने घेतलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवलं, माझा फोटो वर येईल असं. मग त्या बाईंना म्हणाली, "पोरीले सरांपाशीच टाका, बाई. चूक झाली तर कबूल करणारे मास्तर भेटत नाईत."

त्या बाईंनी माझा नंबर लिहून घेतला. ते पत्र अजून माझ्या खणात आहे. त्यावर परीक्षेनंतरच्या पाचव्या दिवसाची तारीख आहे.